गाडी दम सोडते

"गाडी दम सोडते," भाऊ फोनवर म्हणाला आणि माझं डोकं फिरलं.

धुळ्यात एका आयटीआयत मी इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवते. पोरं बोर्डावर सगळी जोडणी करतात आणि मग माझ्या तोंडाकडे बघत उभी राहतात. "बठ्ठं जोडेल शे मॅडम, तरी चालत नई." चालत नाही म्हणजे नेमकं काय होतं, असं विचारलं की सगळे गप्प. मग माझा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत जातो. आधी सप्लाय बघा, मग कंट्रोल, मग लोड. या क्रमानं गेलं की दोष सापडतो, सापडत नसेल तर तुम्ही कुठलीतरी पायरी गाळली आहे. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतसुद्धा सांगत असेन. आणि आता माझा सख्खा थोरला भाऊ मला सांगत होता की गाडी दम सोडते!

"दम सोडते म्हणजे काय रे? एकदम बंद पडते का हळूहळू मंद होते? गरम होते का? थांबवली की परत चालते का?"

"आता मले काय माहीत माय. चांगली धावते, धावते, आन् मंग दम सोडते. तू ये नं."

दिवाळीनंतर त्यानं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. औषध दिलं तर घ्यायचं, ताट पुढे आलं तर जेवायचं, नाहीतर बसून राहायचं. त्यामुळे ते "ये नं" ऐकून माझा राग जागच्या जागी विरघळला, आणि शनिवारी सकाळची पहिली बस मी धरली.

आमचा मळा फैजपूरच्या पलीकडे आहे. भाऊ तिथंच राहतो, बागेला लागून घर आहे. गेल्या मृगात त्यानं केळी लावली, म्हणून ती मृगबाग. एकेक रोप स्वतः उभं राहून लावून घेतलं, ठिबकच्या नळ्या स्वतः ओढल्या. दिवाळी झाली आणि चार दिवसांत, ओट्यावर बसल्या बसल्या त्याचं डावं अंग गेलं. दवाखाना, व्यायाम, मालिश, सगळं झालं. तोंड सरळ झालं. पाय फरफटत का होईना, काठी घेऊन दहा पावलं टाकायला लागला. संक्रांतीच्या सुमारास त्यानं डाव्या हातात चहाचा कप धरला, तेव्हा वहिनीनं आजूबाजूच्या सगळ्या मळ्यांत पेढे वाटले. हात आला, असं ती प्रत्येकाला सांगत सुटली. तेव्हापासून आमच्याकडे हात आलेला होता. त्या विषयावर पुन्हा बोलायचं नाही, असं ठरल्यासारखंच होतं.

आणि आता, होळीच्या तोंडावर, बाग निसवायला लागली होती. केळीच्या खांबाच्या पोटातून घड बाहेर पडतो त्याला आमच्याकडे निसवणं म्हणतात. ज्यानं बाग लावली त्यानं पहिला निसवलेला घड आधी बघायचा, मग घरच्या इतरांनी, हा आमच्या घरचा वडिलांपासूनचा रिवाज. आता पहिला घड पडला होता पार पलीकडे, बांधाकडच्या शेवटच्या ओळीत. भाऊला तिथं जायचं होतं. त्याची मागणी एवढीच होती, आणि नेमकी तीच कुणाला पुरवता येत नव्हती. ठिबकनं भिजलेली माती, पायात येणाऱ्या नळ्या, ओळींमधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. काठीनं ते जमण्यासारखं नव्हतं. खुर्चीत बसवून चौघांनी उचलून नेऊ, असं मळ्यावर कामाला असलेल्या सालदारानं सुचवलं, तर भाऊ कडाडला, "चौघांच्या खांद्यावर जायचं तवा जाईन. आता नाई."

मग सालदारच फोन घेऊन बागेत गेला आणि भाऊ इकडे ओट्यावर व्हिडिओ कॉलवर बघत बसला. ते पाच मिनिटंही टिकलं नाही. सालदार भराभर चालायचा, आभाळ, जमीन, त्याची चप्पल, पुन्हा आभाळ. भाऊला मळमळायला लागलं. वर त्या माणसानं बांधाजवळ पोचल्यावर उत्साहानं बोट लांब केलं, "आबा, तो पाहा तिकडं!" भाऊनं फोन पालथा घातला. निसवलेल्या कोवळ्या घडाला बोट दाखवायचं नसतं, फळ सडतं, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला ठाऊक. दाखवायचंच असेल तर बोट दुमडून दाखवतात. "दुसऱ्याच्या डोळ्यानं बाग पाहायची नाई मले," भाऊ म्हणाला, "मी जाईन तवा पाहीन." झालं, विषय संपला.

तेव्हा पुण्याहून माझ्या भाचीला, म्हणजे भाऊच्या लेकीला, आपली गाडी आठवली. इंजिनिअरिंगला असताना तिनं हौसेनं घेतलेली बॅटरीवरची, रिमोटची गाडी. वीतभर उंच, मोठ्या खरबरीत चाकांची, दगडधोंड्यांतून उड्या मारत जाणारी. खेळणं म्हटलं की तिला राग यायचा. माळ्यावर खोक्यात पडून होती. भाचीनं फोनवरून वहिनीला सांगून गाडीच्या पाठीवर आपला जुना फोन बांधायला लावला. त्या फोनवर कॉल लावायचा, चित्र इकडे टॅबवर दिसणार. रिमोट पिस्तुलासारखा. डाव्या हातात धरायचा, डाव्या हाताच्या बोटानं घोडा दाबला की गाडी पळते, आणि उजव्या हातानं बाजूचं चाक फिरवून ती वळवायची. दोन दिवसांत भाऊ शिकला. कुठं वळायचं, कुठं थांबायचं, हे आता तो ठरवणार होता. वहिनी म्हणाली, त्या दोन दिवसांत तो भात मागून घेऊन जेवला.

पण गाडी बांधापर्यंत पोचेना. निम्म्या बागेत गेली की दम सोडायची. सालदारानं जाऊन उचलून आणायची.

बसमध्ये मला डुलकी लागली. जळगाव गेलं, नशिराबाद गेलं, कुणीतरी खिडकी लावली, कुणीतरी उघडली. अर्धवट झोपेत मी त्या गाडीच्या पोटात शिरले होते. बॅटरीपासून तार निघत होती, तारेतून मोटारीकडे, आणि तिथं पोचले की तार पुन्हा लांब व्हायची. जाग आली तेव्हा खिडकीबाहेर केळीच्या बागा लागल्या होत्या, एकामागून एक, हिरव्या, गच्च, आणि मला क्षणभर कळेना की मी अजून आत आहे की बाहेर. शेजारची बाई म्हणाली, "मॅडम, तुमनं ध्यान कोठे शे? मना खांदावर झोपी गयात तुम्ही." ओशाळून मी पदर सावरला.

मळ्यात पोचले तर भाऊ लिंबाखाली बाजेवर बसलेला. पुढे बागेची पहिली ओळ. मांडीवर रिमोट, समोर स्टुलावर टॅब. "कशाले आली एवढ्या उन्हात?" म्हणाला. म्हटलं, तूच बोलावलंस ना! हसला. हसताना तोंड अगदी सरळ राहत होतं.

मी पिशवीतून मीटर काढलं. आधी सप्लाय. बॅटरी रात्रभर चार्ज झालेली, व्होल्टेज पूर्ण. गाडी उलटी धरून चाकं फिरवत पुन्हा मोजलं, फारसं पडलं नाही. जोडणीच्या पिना जरा काळ्या पडल्या होत्या, घासून लख्ख केल्या. "हेच असेल," मी म्हणाले. मोठ्या तोऱ्यात म्हणाले.

भाऊनं गाडी सोडली. भाऊ, वहिनी आणि मी, तिघं टॅबवर वाकलो. आणि मला कबूल करायला हवं, पुढचा मिनिटभर मी दोष-बिष सगळं विसरले. केळीची बाग मी जन्मल्यापासून बघत आले, पण वीतभर उंचीवरून कधी बघितली नव्हती. दोन्ही बाजूंनी खांब सरकत होते, वर पानांचा मांडव, खाली वाळलेल्या पाल्यावर हिरवट पिवळा उजेड सांडलेला. ठिबकच्या नळीखालून थेंब पडायचा, तो पडताना दिसायचा. एक बेडूक गाडीकडे बघत बसला आणि अगदी शेवटी बाजूला झाला. चित्र अर्धा श्वास उशिरा यायचं, त्यामुळे सगळं पाण्याखाली चालल्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात खांब हळू सरकायला लागले. आणखी हळू. मग एक खांब डाव्या बाजूला आला आणि तिथंच राहिला.

"पाह्यलं?" भाऊ म्हणाला. "सोडला दम."

सालदार जाऊन गाडी घेऊन आला. मी वरचं कवच काढलं आणि आतला प्रकार बघून कपाळाला हात लावला. ज्या डबीतून मोटारीला वीज सोडली जाते ती कंट्रोलची डबी, तिच्यावर पांढऱ्या कापडासारखी पिशवी गुंडाळून सुतळीनं बांधली होती. केळीच्या घडावर चढवतात ती पिशवी! त्या डबीला वारा लागावा म्हणून वर अॅल्युमिनियमच्या पट्ट्या असतात. वारा कोंडला की ती तापते, आणि तापली की आपणहून वीज तोडते. हात लावला तर चटका बसला.

"हे कुणी केलं?"

"मी," वहिनी म्हणाली. "चिखल उडतो नं ताई. घडाले नाई का घालत आपण? म्हटलं हिलेबी घालू."

इतक्या मायेनं बांधलेली ती गाठ सोडताना माझ्याच जिवावर आलं. पिशवी काढली, डबी थंड होऊ दिली. मग मी स्वतः रिमोट घेऊन गाडी मळ्याच्या रस्त्यावर पळवली. वीस मिनिटं, दगडांवरून, ढेकळांतून, एका दमात. "बघ," मी म्हणाले, "झाली."

भाऊनं बागेत सोडली. निम्म्यात मंदावली.

मग मी चाकं काढली. चाकांच्या आसाला केळीच्या सोपटाचे, म्हणजे खांबाच्या सालीचे, धागे गुंडाळले गेले होते, इतके घट्ट की ब्लेडनं कापावे लागले. चला, मोटारीवर लोड येत होता, दुसरा दोष मिळाला. धागे काढले, चाक बोटानं भिरभिर फिरायला लागलं. पुन्हा रस्त्यावर पळवली. उत्तम. भाऊकडे दिली. निम्म्यात मंदावली.

शनिवार असा गेला. रविवारी सकाळी मी मोटारीचे कार्बन ब्रश बघितले, गिअरचे दात बघितले, केळीच्या ओल्या खांबांमुळे रिमोटची रेंज तुटत असेल म्हणून भाऊची बाज पुढे सरकवली. रेंज तुटली तर गाडी झटक्यात थांबली असती, मंदावली नसती, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी सरकवली. हात टेकले की माणूस काहीही करतो. प्रत्येक वेळी माझ्या हातात गाडी वाऱ्यासारखी पळायची आणि भाऊच्या हातात निम्म्यात मरायची. एवढं स्वच्छ उत्तर समोर उभं असताना मी गिअरचे दात मोजत होते. माझ्या एखाद्या विद्यार्थ्यानं हे केलं असतं तर मी त्याला व्हरांड्यात उभं केलं असतं.

दुपारी मी त्याच्यावर ओरडले. "तू घोडा पूर्ण दाबतोस का नाही?"

"दाबतो."

"शेवटपर्यंत?"

"दाबतो म्हंतो नं! तुले मी काय लहान पोरगं वाटू राह्यलो?" त्याचाही आवाज चढला. "होत नाई तर सांग तसं. जाय धुळ्याले."

वहिनीनं मधे पडून दोघांना ताक दिलं. ताक पिताना आम्ही दोघं दोन दिशांना बघत होतो. साठी ओलांडलेला तो आणि पन्नाशी ओलांडलेली मी, लहानपणी भांडून बसायचो अगदी तसे. खरं सांगते, माझा राग त्याच्यावर नव्हताच. त्याला त्या बांधापर्यंत पोचवता येत नाही, आणि उद्या सकाळी मला बस धरायची आहे, याचा तो राग होता.

ऊन कलायला लागलं. वाऱ्यानं केळीची पानं सावकाश वरखाली होत होती, वहिनी बाजेच्या पायाशी टेकून पेंगत होती. भाऊनं गाडी पुन्हा आत सोडली. मीही शेजारी जाऊन बसले. पुन्हा ते खांब सरकायला लागले, तो पाण्याखालचा उजेड. माझ्या पापण्या जड झाल्या. लिंबातून उन्हाचा एक पट्टा नेमका टॅबवर आला आणि माझ्या बाजूनं नुसती पांढरी काच दिसायला लागली. डोळे चुरचुरले म्हणून मी मान खाली घातली.

खाली त्याचा डावा हात होता.

दोन दिवस आम्ही सगळे त्या पडद्याकडे बघत होतो. त्या हाताकडे कुणी बघितलंच नव्हतं, त्यानं स्वतःनंही नाही. बोट घोड्यावर होतं, घोडा पूर्ण दाबलेला होता. मग बोट सुटायला लागलं. अगदी सावकाश, झोपेत मूठ सैल होते ना, तसं. एक सूत, दोन सूत. टॅबमधून मोटारीचा आवाज खाली खाली येत गेला. मी वर बघितलं. भाऊचा चेहरा जिवाच्या आकांतानं ताणलेला, दात आवळलेले, कपाळावर घाम. तो घोडा दाबत होता. त्याच्या मते तो अजूनही पूर्ण जोरानं दाबत होता.

"पाह्य," तो म्हणाला, "सोडला दम."

हात आला नव्हता. कप धरताना तो कपाकडे बघत असायचा, म्हणून कप राहायचा. नजर हलली की हात त्याला न सांगताच निघून जात होता.

मला खोटं बोलता आलं असतं. रिमोटवर एक बारीक खटका असतो, त्यानं मोटारीचा जोर बदलता येतो. तो चढवून ठेवायचा, कार्बन साचला होता, काढला, असं काहीतरी सांगून टाकायचं आणि निघायचं. वहिनीकडे बघितलं. ती जागी झाली होती आणि माझ्याकडेच बघत होती. मला वाटतं तिलाही तेव्हाच कळलं. पण माझा स्वभाव आडवा आला. शिवाय, खटका कितीही फिरवला तरी पूर्ण सुटलेल्या बोटाला तो काय करणार?

"भाऊ," मी म्हणाले, "गाडीत दोष नाही."

"मंग?"

"बोट सुटतंय तुझं. तुला कळत नाही, पण सुटतंय."

"काईच्या काई!" तो म्हणाला. "घट धरेल हाये मी."

"बघ तरी."

त्यानं खाली बघितलं. बोट घोड्यापासून अलग होऊन हवेत राहिलेलं. तो बघतच राहिला. कुणा परक्याचा हात चुकून आपल्या मांडीवर आलाय, असं बघत होता. मग त्यानं दाबलं. आता बघत होता, तर बोट बसलं, घट्ट बसलं, बागेत दूर कुठंतरी मोटार गुणगुणली. त्यानं टॅबकडे मान वळवली आणि मोजून दहा श्वासांत बोट सुटलं. पुन्हा खाली बघितलं, पुन्हा बसलं. असं त्यानं चार-पाच वेळा केलं. आम्हाला तिघांनाही आता पुरतं कळलं होतं. बागेकडे बघितलं तर बोट सुटतं, बोटाकडे बघितलं तर बाग दिसत नाही.

"बंद कर ते," तो शेवटी म्हणाला. "ठिऊन दे खोक्यात."

"नाही ठेवणार." सालदारानं आणून दिलेली गाडी मी परत ओळीच्या तोंडाशी लावली.

"आता काय राह्यलं त्याच्यात?"

"तू बोटाकडे बघ. मी बागेकडे बघते," मी म्हणाले. "मी सांगेन तसं उजव्या हातानं वळव."

दुसऱ्याच्या डोळ्यानं बघायला त्याला किती जड जात होतं ते मला दिसत होतं. मग त्यानं खाली मान घातली, बोटावर नजर रोखली आणि म्हणाला, "सांग."

गाडी निघाली. खांब सरकायला लागले. आता ते सगळं एकटीनं बघायचं माझ्यावर आलं होतं.

"डावीकडं घे थोडं."

"थोडं म्हंजे किती?" तो मान न उचलता म्हणाला. "पोरांले ओरडतीस नं तू, नीट सांगा म्हनून?"

"दोन बोटं चाक फिरव. बास. आता सरळ."

"काय दिसू राह्यलं?"

"पान आडवं पडलंय."

"कसलं पान? हिरवं का वाळेल?"

"पिवळं. कडेनं करपलंय."

"पोटॅश कमी पडलं," तो पुटपुटला. "त्या ओळीले सांगतो मी. पुढं?"

पुढे एका नळीतून पाणी कारंज्यासारखं उडत होतं. ते सांगितलं तर म्हणाला, ती उंदरानं कुरतडली, दरवर्षी तिथंच कुरतडतो. एका खांबाशी दोन पिलं फुटली होती, कोंब. ती किती उंच, पानं किती, असं त्यानं खोदून खोदून विचारलं. मी केळीवाल्याची लेक, पण मला धड कोंबाची पानं मोजता येईनात. तो चिडवत होता, मी चिडत होते, आणि आमच्या या बोलण्याबरोबर गाडी त्या हिरव्या उजेडातून पुढे जात होती, निम्मी बाग ओलांडून, रोज जिथं थांबायची तो खांब मागे टाकून. मी ते त्याला सांगितलं नाही. रडू फुटलं असतं. त्याची नजर बोटावरून हलली नाही. पापणीसुद्धा लवत नव्हती, डोळ्यांतून पाणी गळून रिमोटवर पडत होतं.

"उजवीकडं. आणखी. आता बांध दिसतोय. थांब, एक खांब आडवा... डावीकडं. हळू."

आणि मग पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात मला ते दिसलं. मी नजर बाजूला केली, आधी त्याचा मान होता.

"घोडा सोड, भाऊ. पोचलास."

त्यानं बोट उचललं. मान वर केली.

गाडी बांधाच्या चढाला लागून अगदी घडाच्या खाली उभी होती, फोन वर तोंड करून. जांभळं केळफूल खाली लोंबत होतं, तांब्याएवढं, त्याची एक पाकळी नुकती उलटलेली आणि तिच्याखाली पहिली फणी. बोटभर लांबीची केळी, वर वळलेली, टोकाला अजून फूल असलेली. एक मधमाशी आत गेली. पानं हलली तसा उजेड हलला, अर्धा श्वास उशिरा इथं आमच्यापर्यंत आला. वहिनीनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. भाऊ बघत होता, नुसता बघत होता, ओठ हलत होते, काय मोजत होता कोण जाणे.

"सुटला चांगला," एवढंच तो म्हणाला.

मग पडद्यावरून नजर न काढता त्यानं विचारलं, "हा हात येईन का गं परत?"

वहिनी माझ्याकडे बघत होती. हो म्हण, असं तिचे डोळे म्हणत होते. माझ्या जिभेवरही तेच आलं होतं. पण मी त्याला दोन दिवस नीट सांग, नीट सांग म्हणून छळलं होतं.

"मला माहीत नाही, भाऊ."

त्यानं मान हलवली. "बरं," म्हणाला. रागानं नाही, रडूनही नाही. मग उजव्या हातानं त्यानं डाव्या हाताचं ते बोट उचललं, घोड्यावर नीट ठेवलं आणि त्याच्यावर नजर रोखली.

"चाल मंग. आणू परत. काय दिसू राह्यलं?"

मी टॅबकडे बघितलं. काहीच धड दिसेना.

"थांब रे जरा," मी म्हणाले, "डोळे पुसू दे."

तो थांबला.